आयोडीनच्या आधी टेल्युरिअम

टेल्युरिअमचं अणुवस्तुमान 127.6 आणि आयोडीनचं 126.9. मूलद्रव्यं वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं मांडायची ठरवली, तर आयोडीनचा नंबर आधी लागायला हवा. पण कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तक्त्यावर पाहा, टेल्युरिअम आधी आहे आणि आयोडीन त्याच्या उजवीकडे. ही छपाईची चूक नाही. सेंट पीटर्सबर्गमधल्या दिमित्री मेंडेलीव्ह नावाच्या प्राध्यापकानं 1869 मध्ये ही अदलाबदल समजून-उमजून केली. तराजू सांगत होता एक आणि त्यानं मांडलं दुसरंच.

असं करायला त्याच्याकडे आधार होता तो फक्त दोघांच्या वागणुकीचा. आयोडीन क्लोरीन आणि ब्रोमीनसारखं वागतं. धातूंशी त्याचा संयोग झाला की मिठासारखे क्षार तयार होतात आणि त्या क्षारांत सोडिअमच्या एका अणूला आयोडीनचा एकच अणू पुरतो. टेल्युरिअमची चाल गंधक आणि सेलेनिअमची. सोडिअमचे दोन अणू मिळाल्याशिवाय त्याचं भागत नाही आणि हायड्रोजनबरोबर त्याचा घाणेरड्या वासाचा वायू बनतो. या दोघांना वस्तुमानाप्रमाणे बसवलं असतं, तर आयोडीन गंधकाखाली आणि टेल्युरिअम क्लोरीनखाली गेलं असतं. मेंडेलीव्हला ते पटणं शक्यच नव्हतं. टेल्युरिअमचं वस्तुमान मोजण्यातच चूक झाली असणार, असं त्यानं ठरवलं आणि 1871 च्या सारणीत सरळ 125 लिहून टाकलं. हा आकडा चुकीचा होता. जागा मात्र अगदी बरोबर होती. आवर्तसारणीची सगळी गोष्ट या एका विसंगतीत सामावलेली आहे, असं मला वाटतं. मूलद्रव्यांचं वर्गीकरण त्यांच्या वागण्यावरून झालं आणि ते तसं का वागतात याचं कारण चाळीसेक वर्षांनी कळलं. कारण कळल्यावरही मांडणी मोडावी लागली नाही.

वर्गीकरणाचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. 1789 मध्ये लव्हॉयजेनं 33 मूलद्रव्यांची यादी दिली. तिच्यात प्रकाश आणि उष्णता यांनाही जागा होती. पुढं 1829 मध्ये येनाच्या योहान डोबेरायनरला काही मूलद्रव्यं तीन-तीनच्या गटांत सापडली. लिथिअम 7, सोडिअम 23, पोटॅशिअम 39. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढली की मधला मिळतो. कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम यांचंही तसंच. ही त्रिकं सुंदर होती, पण सगळी मूलद्रव्यं त्यांच्यात बसत नव्हती.

खरी अडचण वेगळीच होती. अणुवस्तुमानांवर रसायनशास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. कुणी ऑक्सिजनचं वस्तुमान 8 धरायचं, कुणी 16. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक अणू की दोन, हाच वाद मिटला नव्हता. जिथं आकडेच गावोगाव बदलतात, तिथं क्रम कशाचा लावणार? सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथं रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती यासाठीच. इटलीच्या स्तानिस्लाओ कान्निझारोनं तिथं अणुवस्तुमानं काढण्याची स्वच्छ, सुसंगत पद्धत मांडली. परिषदेत ठराव वगैरे काही झाला नाही, पण त्याची पुस्तिका प्रतिनिधींच्या हाती पडली आणि ते ती घेऊन घरी गेले. त्या प्रतिनिधींत विशीतला मेंडेलीव्ह होता आणि पुढं जर्मनीत जवळपास तशीच सारणी मांडणारा लोथर मायरही होता. त्यानंतर दहा वर्षांच्या आत निरनिराळ्या देशांतल्या माणसांना एकच गोष्ट दिसू लागली, यात मला काही योगायोग वाटत नाही. कच्चा माल सगळ्यांना एकाच वेळी मिळाला होता.

लंडनच्या जॉन न्यूलँड्सनं मूलद्रव्यं वस्तुमानाप्रमाणे ओळीनं मांडली. दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण परत येतात, सप्तकातल्या सा नंतर वरचा सा यावा तसे, हे त्याच्या ध्यानात आलं. 1866 मध्ये त्यानं हे केमिकल सोसायटीत वाचलं, तेव्हा एका सभासदानं विचारलं की, मूलद्रव्यं इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का? हा प्रश्न क्रूर होता, पण न्यूलँड्सच्या मांडणीत दुबळेपणाही होता. कॅल्शिअमच्या पुढं अष्टकं बिघडत होती. त्यानं मोकळ्या जागा सोडल्या नाहीत आणि कोबाल्ट व निकेल ही दोन मूलद्रव्यं एकाच घरात कोंबली. रॉयल सोसायटीनं त्याला डेव्ही पदक दिलं ते थेट 1887 मध्ये.

मेंडेलीव्हची गरज पाठ्यपुस्तकाची होती. विद्यार्थ्यांसाठी तो रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होता आणि पहिला खंड मोजक्याच मूलद्रव्यांत संपला होता. त्या वेळी 63 मूलद्रव्यं माहीत होती, म्हणजे पन्नासहून अधिक दुसऱ्या खंडात उरकायची होती. काहीतरी सूत्र सापडल्याशिवाय हे जमणारं नव्हतं. क्लोरीनच्या गणाचं वर्णन झालं, आता पुढं काय घ्यायचं? त्यानं सोडिअम-पोटॅशिअमचा गण शेजारी ठेवून पाहिला. क्लोरीन 35.5, पोटॅशिअम 39. ब्रोमीन 80, रुबिडिअम 85. आयोडीन 127, सीझिअम 133. स्वभावानं दोन टोकं असलेले हे दोन गण वस्तुमानानं मात्र एकमेकांना खेटून चालत होते. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे 17 फेब्रुवारी 1869 रोजी त्याला चीजच्या कारखान्यांची पाहणी करायला निघायचं होतं. त्यासंबंधी आलेल्या पत्राच्या पाठीवरच त्यानं या तुलनांचे आकडे खरडले. ते पत्र आजही जपून ठेवलेलं आहे. सारणी त्याला स्वप्नात दिसली ही कथा लोकप्रिय आहे. मला मात्र त्या पत्रामागची खाडाखोड जास्त विश्वासाची वाटते.

मेंडेलीव्हचं मोठेपण त्याच्या मोकळ्या जागांत आहे. एखाद्या घरात बसणारं मूलद्रव्य सापडलं नाही, तर पुढचं ओढून तिथं न बसवता त्यानं ते घर रिकामं सोडलं. इतकंच नाही, तर 1871 मध्ये अशा तीन घरांतल्या मूलद्रव्यांचं वर्णनही लिहून ठेवलं. एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन ही नावं देताना त्यानं संस्कृतातला 'एक' वापरला. बोरॉनखालचं पहिलं घर ते एका-बोरॉन.

यातलं एका-ॲल्युमिनिअम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मेंडेलीव्हच्या मते त्याचं अणुवस्तुमान 68 च्या आसपास असेल, घनता पाण्याच्या सुमारे 5.9 पट असेल आणि हा धातू सहज वितळेल. 1875 मध्ये फ्रान्समधला लकोक द ब्वाबोद्राँ हा गृहस्थ पिरेनीज पर्वतातल्या खाणीचं जस्ताचं खनिज वर्णपटदर्शकाखाली तपासत होता. कोन्याकच्या मद्य-व्यापारी घराण्यातला हा माणूस. मेंडेलीव्हच्या भाकिताची त्याला कल्पना नव्हती. त्याला दोन अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. नव्या मूलद्रव्याला त्यानं गॅलिअम नाव दिलं, थोडा धातू वेगळा केला आणि घनता मोजली, ती भरली 4.7. ज्यानं गॅलिअम डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता, त्या मेंडेलीव्हनं सेंट पीटर्सबर्गहून कळवलं की ती 5.9 च्या जवळ असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून बघा. ब्वाबोद्राँला हे आवडलं नसणार, पण त्यानं नमुना पुन्हा शुद्ध केला. घनता 5.9 आली.

गॅलिअम वितळतो 29.8 अंश सेल्सिअसला. तळहातावर ठेवलेला त्याचा चंदेरी खडा काही मिनिटांत पाऱ्यासारखा ओघळू लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर त्याची बाटली कपाटात ठेवली, तरी आतला धातू पातळच राहील. उकळायला मात्र त्याला 2,200 अंशांच्या वर तापवावं लागतं. आज घराघरात लागलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या पोटात याच गॅलिअमचं नायट्राइड असतं. पुढं 1879 मध्ये एका-बोरॉन स्कँडिअमच्या रूपात सापडलं आणि 1886 मध्ये फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंक्लरला एका-सिलिकॉन म्हणजे जर्मेनिअम मिळालं. भाकीत होतं 72, आजचं वस्तुमान 72.6. क्लोरीनबरोबरचं त्याचं संयुग शंभर अंशांच्या आत उकळेल असं मेंडेलीव्ह म्हणाला होता. ते 86 अंशांवर उकळलं.

मग एक अख्खा नवा स्तंभच समोर आला. लॉर्ड रॅली यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन अमोनियापासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा जवळपास अर्ध्या टक्क्यानं जड भरत होता. त्या अर्ध्या टक्क्याचा माग काढत 1894 मध्ये रॅली आणि विल्यम रॅम्से आरगॉनपर्यंत पोहोचले. हवेत त्याचं प्रमाण शेकडा एकाच्या जवळ आहे, पण तो कशाशीच संयोग पावत नसल्यानं कुणाच्या लक्षात आला नव्हता. मेंडेलीव्हला हा पाहुणा मुळीच रुचला नाही. हे नायट्रोजनच्या तीन अणूंचं रूप असावं, असं तो म्हणत राहिला. शिवाय आरगॉनचं वस्तुमान 39.95 आणि पुढच्या पोटॅशिअमचं 39.10, म्हणजे पुन्हा उलटा क्रम. रॅम्सेनं 1895 मध्ये युरेनिअमच्या खनिजातून हेलियम काढला. त्याची पिवळी रेषा 1868 मध्ये सूर्याच्या वर्णपटात दिसली होती. 18 ऑगस्ट 1868 च्या त्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिण कोकणावरून गेला होता आणि विजयदुर्ग किल्ल्यावर अजूनही त्या दिवशी हेलियम दिन साजरा करतात. नॉर्मन लॉकियरनं किल्ल्यावरून ते निरीक्षण केलं, अशी समजूत तिकडे आहे. प्रत्यक्षात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सननं ग्रहण पाहिलं ते गुंटूरहून आणि लॉकियरनं आपलं काम ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं.

1898 मध्ये रॅम्से आणि त्याचा तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रव हवेतून निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन वेगळे केले. या दोघांचाही भारताशी संबंध आला. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी जागा सुचवायला रॅम्से इथं येऊन फिरले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स. सारणीच्या उजव्या कडेच्या राजवायूंकडे पाहताना हे आपल्याकडे फारसं कुणी आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

टेल्युरिअमचं कोडं सुटलं ते 1913-14 मध्ये. मँचेस्टर आणि नंतर ऑक्सफर्ड इथं काम करणाऱ्या हेन्री मोझलीनं एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारितेचं वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्या पायरीनं वाढत होतं. ती पायरी वस्तुमानाची नव्हती. अणुकेंद्रकावरच्या धन प्रभाराची होती. यालाच आपण अणुअंक म्हणतो. टेल्युरिअम 52, आयोडीन 53. आरगॉन 18, पोटॅशिअम 19. उलटे वाटणारे सगळे क्रम एका फटक्यात सुलटे झाले. टेल्युरिअम जड भरतं, कारण निसर्गातल्या त्याच्या अणूंपैकी जवळपास दोन-तृतीयांश 128 आणि 130 वस्तुमानांकाची जड समस्थानिकं आहेत. आयोडीनचं निसर्गात एकच, 127 चं. जास्तीचे न्यूट्रॉन वजन वाढवतात, वागणूक बदलत नाहीत. 43, 61, 75 या अंकांची घरं रिकामी आहेत, हेही मोझलीच्या आलेखावर बोट ठेवून दाखवता येऊ लागलं. 10 ऑगस्ट 1915 रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या 27 व्या वर्षी.

अणुअंक हातात आला की गुणधर्मांचे चढउतार समजायला दोनच गोष्टी लागतात. केंद्रक इलेक्ट्रॉनांना किती जोरानं ओढतं आणि सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन किती लांब आहे. तिसरं आवर्त घ्या. सोडिअमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन, इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 1. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांमुळे बाहेरच्या एकट्यापर्यंत केंद्रकाची ओढ क्षीण होऊनच पोहोचते. देवळात पुढच्या रांगेतल्या माणसांनी मागच्याला मूर्ती दिसू देऊ नये, तसं हे आहे. मॅग्नेशिअमकडे जाताना केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो. नवा इलेक्ट्रॉन मात्र त्याच बाहेरच्या कवचात येतो. तो पुढच्या रांगेत शिरत नाही, म्हणून आडही फारसा येत नाही. ओढ वाढते आणि अख्खा अणू आवळला जातो. सोडिअमची अणुत्रिज्या 186 पिकोमीटर, मॅग्नेशिअमची 160, ॲल्युमिनिअमची 143 आणि कमी होत होत क्लोरीनची 99. अणूत कणांची भर पडत असताना अणू लहान होत जातो, हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

इलेक्ट्रॉन उपटून काढायला लागणारी आयनीकरण ऊर्जाही याच ओढीनं ठरते. सोडिअमला मोलमागे 496 किलोज्यूल पुरतात, आरगॉनला 1,521 लागतात. मधे ॲल्युमिनिअमशी आकडा मॅग्नेशिअमपेक्षा खाली येतो आणि गंधकाशी फॉस्फरसपेक्षा. ॲल्युमिनिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन जरा वरच्या ऊर्जेच्या उपकवचात बसलेला असतो. गंधकात एकाच कक्षकात दोन इलेक्ट्रॉनांची जोडी पडते आणि ते एकमेकांना दूर लोटतात. पाठ्यपुस्तकातला सरळ वर जाणारा बाण हे खाचखळगे झाकून टाकतो, ते मला खटकतं, कारण उपकवचं खरोखर आहेत याचा पुरावा त्या खाचांतच आहे. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला गेलात तर 4,562 किलोज्यूल मोजावे लागतात. म्हणून सोडिअम एकच इलेक्ट्रॉन देतं आणि मीठ एकास एक या प्रमाणातच बनतं.

आता गणात वरून खाली या. दर पायरीला एक कवच वाढतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब जातो, पकड ढिली होते. काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकावेत. लिथिअमचा तुकडा पाण्यावर तरंगत शांतपणे फसफसतो आणि मागे गुलाबी रेघ सोडतो. सोडिअम स्वतःच्याच उष्णतेनं वितळून चकचकीत गोळी बनतं आणि पाण्यावर सैरावैरा धावतं. पोटॅशिअमचा तुकडा पडता क्षणी फिकट जांभळ्या ज्वाळेनं पेटतो. रुबिडिअम आणि सीझिअम यांचा प्रयोग चित्रफितीतच पाहावा, भांडं फुटतं. आयनीकरण ऊर्जा लिथिअमची 520 आणि सीझिअमची 376. पलीकडच्या हॅलोजन गणात उलटा प्रकार. तिथं इलेक्ट्रॉन द्यायचा नसून हिसकावायचा असतो, त्यामुळे सर्वांत आखूड हाताचा फ्लोरिन सर्वांत आक्रमक. हा वायू मोकळा करायला ऑन्री म्वासाँला 1886 पर्यंत झगडावं लागलं. 1906 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी समितीनं मेंडेलीव्हचं नाव सुचवलं होतं, पण स्वीडिश विज्ञान अकादमीनं ते म्वासाँला दिलं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत दोघंही वारले.

खाली जाताना अणू मोठा होतो, हा नियम एका ठिकाणी जवळजवळ थांबतो. झिरकोनिअम 40 व्या घरात, हाफ्निअम त्याच्या थेट खाली 72 व्या. मधे एक अख्खं कवच वाढलं आहे, तरी दोघांच्या त्रिज्या जवळपास सारख्याच, 160 पिकोमीटरच्या आसपास. मधल्या चौदा लॅन्थॅनाइड मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉन आतल्या, पसरट उपकवचात भरत जातात. ते नीट आडोसा करत नाहीत आणि केंद्रक सगळ्यांनाच आत खेचून घेतं. याचा परिणाम म्हणजे झिरकोनिअमच्या खनिजात हाफ्निअम हमखास मिसळलेलं असतं आणि रसायनांनी त्यांना वेगळं करणं महाकठीण. तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनिअमच्या इंधनाच्या नळ्या झिरकोनिअमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिरकोनिअम न्यूट्रॉन जवळपास शोषत नाही. हाफ्निअम मात्र ते अधाशासारखं शोषतं. म्हणून हैदराबादच्या अणुइंधन संकुलात या दोन जुळ्यांना वेगळं काढण्याचे सोपस्कार पार पाडावे लागतात.

सोन्यात आणखी एक गोष्ट भर घालते. 79 प्रोटॉनांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगानं फिरतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे परिणाम तिथं टाळता येत नाहीत. काही कवचं आक्रसतात, काही फुगतात, निळा प्रकाश शोषला जातो आणि चांदीच्या खालचा हा धातू पिवळा दिसतो. शेजारचा पारा खोलीच्या तापमानाला पातळ असतो, त्याचंही मोठं कारण हेच.

तक्त्याच्या तळाशी हे परिणाम इतके वाढतात की स्तंभावरून वागणूक सांगता येईल का, अशीच शंका येते. 118 वं ओगानेसन राजवायूंच्या स्तंभात आहे, पण गणितं सांगतात की ते वायू नसून घन असावं. त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच अणू बनले आहेत आणि प्रत्येक अणू काही मिलिसेकंदांतच संपतो, त्यामुळे कुपीत घेऊन पाहण्याचा प्रश्नच येत नाही. 112 वं कोपर्निसिअम थोडं जास्त टिकतं. ते पाऱ्याच्या खाली येतं आणि पारा सोन्याला चिकटतो. म्हणून रशियातल्या दुबना इथं शास्त्रज्ञांनी कोपर्निसिअमचे एकेकटे अणू वायूच्या झोतातून सोन्याच्या मुलाम्यावरून नेले. मुलामा एका टोकाला उबदार, दुसऱ्या टोकाकडे थंड होत जाणारा. कुठल्या तापमानाला अणू चिकटतो, हे त्याच्या विघटनाच्या जागेवरून ओळखायचं होतं. 2007 मध्ये त्यांनी दोन अणूंचा निकाल प्रसिद्ध केला. ते पाऱ्यापेक्षा सहज उडणारे होते, तरी सोन्याला धातूसारखेच चिकटले. कोपर्निसिअम पाऱ्याच्या गणातच राहिलं.